पाठीची साक्ष

मेंढ्या कातरणाऱ्याने पाठ दुखते म्हणून सांगितलं की आमच्याकडे लोक हसतात. हसणारच. ताकुआरेम्बोच्या कुरणांवर ज्याची पाठ दुखत नाही तो एकतर दुकानदार असतो, नाहीतर मेंढ्यांचा मालक. मी उभी हयात कातरणीच्या टोळीत घालवली. थंडी सरत आली की ट्रकमध्ये चढायचं, एका इस्टेटीवरून दुसऱ्या इस्टेटीवर जायचं, दिवसभर कमरेत वाकून मेंढी दोन गुडघ्यांत दाबायची आणि मशीनची कातरी अशी फिरवायची की अख्खी लोकर गोधडीसारखी एका तुकड्यात सुटून यावी. पाठ दुखायची. न दुखून जाते कुठे?

पण ते दुखणं माझ्या ओळखीचं होतं. संध्याकाळी यायचं, जेवलं की बसायचं, झोपलं की जायचं. गेल्या वर्षी एप्रिलपासून जे सुरू झालं ते हे नव्हतं. ते सकाळी माझ्या आधी उठून बसलेलं असायचं. कंबरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, आत कुठेतरी. दाबायला गेलो तर जागा सापडायची नाही. मोजे चढवायलासुद्धा मला बायकोला हाक मारावी लागायची, आणि नेलिदा माझ्या पायाशी बसून मोजे चढवताना म्हणायची, "म्हाताऱ्या, झालं तुझं. आता तुलाच कुणीतरी कातरायला हवं."

माझा संशय गोळीवर होता. गोळी सुरू झाली ती वाल्देमारमुळे. वाल्देमार माझा धाकटा भाऊ, टोळीत माझ्या शेजारच्या कातरीवर उभा राहायचा. त्याच्या आदल्या वसंतातल्या हंगामात मेंढी गुडघ्यांत असतानाच तो तिच्यावर कोसळला. अर्धी कातरलेली मेंढी उठून पळाली आणि तो तिथेच पडून राहिला. हृदय बंद पडलं होतं. त्याला आम्ही लोकरीच्या गठ्ठ्यांबरोबर ट्रकमधून घरी आणलं. त्याला पुरून आलो आणि पुढच्याच आठवड्यात नेलिदाने मला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बेन्तान्कोर माझ्या रक्ताचा कागद बघून म्हणाली, "सिल्वेइरा, तुमच्या अंगात रक्त कमी आणि मेंढीची चरबी जास्त दिसते." तिचंही बरोबर होतं. टोळीत सकाळी मटण, दुपारी मटण आणि रात्री उरलेलं मटण. तिने कोलेस्टेरॉल खाली आणायची गोळी लिहून दिली. रोज एक, जन्मभर.

मी घेतली. नेलिदा समोर उभी राहून गिळायला लावायची आणि मग तोंड उघडायला सांगायची, घोड्याचे दात बघतात तसं. काही महिने गेले आणि हे पाठीचं सुरू झालं.

त्याच सुमारास रेडिओवर कुणा बाईने फोन करून सांगितलं की तिच्या नवऱ्याचे मणके याच गोळ्यांपासून धरलेत. मग दुसऱ्या दिवशी आणखी एकाने सांगितलं. आमच्या न्हाव्याच्या दुकानात तर ज्याला त्याला आपला कुणीतरी चुलता आठवायला लागला. मी थेट डॉक्टरणीसमोर जाऊन बसलो.

"गोळीने धरलंय," मी म्हणालो.

"की मेंढ्यांनी?"

"मेंढ्यांचं दुखणं मला ओळखू येतं, डॉक्टर."

ती हसली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगायला हवं. ती म्हणाली, "लोक सांगतात तसं. कुणी स्नायू म्हणतं, कुणी कंबर, कुणी मणके. काहींचं खरंच गोळीमुळे असतं. पुष्कळांचं वयामुळे किंवा कामामुळे असतं आणि गोळी आयतीच सापडते. तुमचं कुठलं ते मला नुसतं बघून सांगता येणार नाही." मग तिने माझ्या पाठीचा फोटो उजेडासमोर धरला. मणके खालच्या बाजूला झिजले होते, ते मलाही दिसलं.

"आपण असं करू," ती म्हणाली. "गोळी थांबवा. टोळी निघेपर्यंत एकही घ्यायची नाही. पाठ हलकी झाली तर गोळीचा दोष. मग दुसरं औषध शोधू आणि तुम्ही खुशाल कातरायला जा. नाही झाली, तर हे मणकेच. मग मात्र कातरी खाली ठेवायची. कबूल?"

"कबूल."

"आणि मधेच घेतली, मधेच सोडली असला खेळ नको. नाहीतर मलाही काही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही."

नेलिदा माझ्या शेजारी मांडीवर पर्स धरून बसली होती. तिने मान डोलावली. "मी बघते त्याच्याकडे," ती म्हणाली.

कातरी खाली ठेवायची म्हणजे काय, हे दवाखान्यातल्या खुर्चीत बसून समजत नाही. टोळीत मी दार्दो सिल्वेइरा आहे. मशीनवरची पहिली जागा माझी, नवी पोरं माझा हात बघून शिकतात, इस्टेटीचा मालकसुद्धा येऊन आधी माझ्याशी हात मिळवतो. घरी मी खुर्ची अडवून बसलेला एक माणूस आहे. झाडताना नेलिदा मला पाय वर घ्यायला सांगते. मला आणखी एक हंगाम हवा होता. एकच का, मिळतील तेवढे हवे होते. पण निदान हा एक.

गोळी बंद झाली. पहिले काही दिवस फरक नव्हता. मग एका सकाळी मोजे मी स्वतः घातले आणि घातल्यावर माझ्या लक्षात आलं. मी कुणाला सांगितलं नाही. दोन-तीन दिवस थांबलो. लाकडं फोडली. गॅसची टाकी उचलून आत आणली. बाहेर जुलैचा, भर हिवाळ्यातला पाऊस लागला होता आणि पाऊस लागला की आमच्याकडे घरोघर चरबीत पुऱ्या तळतात, तशा नेलिदा तळत होती. रेडिओवर नाचाचं गाणं लागलं. मी मागून जाऊन तिला कंबरेला धरून गर्रकन फिरवलं.

"अरे सोड, कढत चरबी आहे!"

"बघ म्हातारे, बघ!" मी खाली वाकलो, जमिनीला हात टेकले आणि सरळ उभा राहिलो. "गेलं! गोळीच होती. मी सांगत नव्हतो?"

ती हसली. पिठाचे हात माझ्या मानेभोवती टाकून ती माझ्याबरोबर गाणं संपेपर्यंत नाचली. पुऱ्या करपल्या. त्या आम्ही तशाच खाल्ल्या आणि मी दुपारी जाऊन आदेमारला सांगून आलो की माझी जागा राखून ठेव. आदेमार आमच्या टोळीचा मुकादम, माझ्या मुलीचा धर्मपिता आणि माझा पोरपणापासूनचा मित्र.

आठ-दहा दिवसांत दुखणं परत आलं.

मी आधी ते मानलंच नाही. गार हवा आहे म्हणालो. लाकडं जास्त फोडली म्हणालो. पण ते पुन्हा सकाळी माझ्या आधी उठून बसायला लागलं, आणि ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा मी पुन्हा मोज्यांसाठी नेलिदाला हाक मारत होतो. आता ती टोमणे मारत नव्हती. गुपचूप मोजे चढवायची आणि उठून जायची. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटतंय.

तर मग गोळी नव्हती. गोळी तर मी कधीच सोडली होती. मधे मिळाली ती नुसती हुलकावणी होती. माझेच मणके होते, माझंच वय होतं, आणि मी उगीच रेडिओवरच्या बाईच्या नादी लागलो होतो. मी डॉक्टरणीकडे जाऊन तसं सांगितलं. "तुमच्या गोळीवर मी नसता आळ घेतला. आता कातरी खाली ठेवतो," म्हणालो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की निर्णय अवघड आहे पण बरोबर आहे, आणि गोळी आता पुन्हा सुरू करायला हवी. मी म्हणालो, एकदा टोळी निघून जाऊ दे, मग करतो.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आदेमारच्या अंगणात दरवर्षीसारखं मांस भाजायचा बेत होता. सगळी टोळी जमली होती. मी माझी कातरी कापडात गुंडाळून नेली होती. मूठ माझ्या हाताने गुळगुळीत झालेली, तीच घेऊन मी मुलीच्या शाळेपासून घराच्या छपरापर्यंत सगळं केलं होतं. ती मी आदेमारच्या हातात दिली.

"ज्याला द्यायची त्याला दे," मी म्हणालो. "माझी पाठ संपली."

"गोळीने धरलीय म्हणत होतास ना?" कुणीतरी मागून विचारलं.

"गोळी नव्हती. म्हातारपण होतं."

हसले सगळे. "अरे, मेंढीसुद्धा म्हातारी झाली की कातरून कातरून सोडून देतात," एकजण म्हणाला. "ह्याला तर मटणालाही कुणी घेणार नाही!" मीही हसलो, करतो काय? आदेमारने कातरी लिव्रामेंतोच्या एका ब्राझिलियन पोराला दिली. त्याने ती घेताना टोपी काढली. नेलिदा कोशिंबिरीचं भांडं हातात धरून भिंतीजवळ उभी होती आणि रडत होती. माझ्यासाठी माझी बायको रडते आहे, ह्याचंच मला त्या दिवशी काय ते समाधान वाटलं.

आता माते ह्या आमच्या कडू पेयाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात पहाटेचा माते नेलिदा करते. लग्न झाल्यापासून तीच करते. तुंब्यात कडू पाला भरायचा, कढत पाणी ओतायचं, नळी खोचायची. पहिला तुंबा करणाऱ्याने स्वतः प्यायचा, कारण तो फार कडू आणि फार गरम असतो, आणि मग पुन्हा पाणी ओतून दुसऱ्याला द्यायचा. एकच तुंबा, एकच नळी, जो असेल त्याच्या हातात फिरत राहतो. त्या हिवाळ्यात नेलिदाने पहाटेचा माते सोडला होता. पोटात जळजळ होते म्हणाली. तुंबा भरून माझ्या हातात द्यायची आणि चुलीकडे वळायची. मी एकटाच प्यायचो. थोडा जास्त कडू लागायचा, पण एकट्याला कुठलाही माते कडूच लागतो.

सप्टेंबरात आमची यानिना आली. ती पायसांदूला असते. पाचवा महिना होता तिला, आमचं पहिलं नातवंड. पहाटेच्या बसने उतरली, आल्या आल्या शेगडीजवळ हात शेकत बसली. मी नुकताच तुंबा हातात घेतला होता. मुलगी गारठून आलेली. मी तो तिच्यापुढे केला.

"आधी तू घे, पोरी. गरम आहे."

तिने नळी ओठांना लावली असेल-नसेल, तोच नेलिदा चुलीपासून धावत आली आणि तिने तुंबा तिच्या हातातून उडवला. तो भिंतीवर आदळला. ओला पाला यानिनाच्या कोटावर, माझ्या पँटवर, सगळीकडे.

आमच्यात दारावर आलेल्या परक्यालासुद्धा हातातला तुंबा हिसकावून कुणी घेत नाही. आईने लेकीच्या तोंडचा माते उडवलेला मी जन्मात बघितला नव्हता.

"आई! वेड लागलं का तुला?"

"प्यायलीस? प्यायलीस का तू?"

"नाही गं, गरम होता. काय झालं?"

"गरोदर बाईला चालत नाही," नेलिदा म्हणाली. आमच्याकडे न बघता ती भिंतीवरचा पाला पुसायला लागली.

"माते चालत नाही? डॉक्टर म्हणाली थोडा चालतो."

"माते नाही," नेलिदा म्हणाली आणि तिथेच थांबली.

मी कोटावरचा पाला बघत होतो. काळ्या कोटावर, हिरव्या पाल्यात, पांढरे बारीक कण होते. बोटाने उचलून जिभेवर ठेवले. मला काही फार विचार करावा लागला नाही. ज्या माणसाच्या जिभेवरून ती गोळी कितीतरी महिने रोज गेली आहे, त्याला ती चव सांगावी लागत नाही.

"नेलिदा," मी म्हणालो, "ह्यात माझी गोळी आहे?"

ती खुर्चीत बसली. एप्रनचं टोक तोंडाला लावलं. "कुटून घालत होते," ती म्हणाली. "तू घेत नव्हतास. वाल्देमार कसा आणला ते मी पाहिलंय. त्याच्या केसांत लोकर अडकली होती, ती मी काढली. मी तुला तसा नाही येऊ देणार, दार्दो. तू काय म्हणायचं ते म्हण."

यानिना रडायला लागली. "पप्पा, घाबरली असेल रे ती," म्हणाली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी जवळजवळ विरघळलो होतो. बायको नवऱ्याच्या जिवाला घाबरते, तिला काय म्हणणार? मूर्खपणा आहे, पण मायेचा आहे. मी तिच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिलो होतो. तिच्या डोक्यावर हातही ठेवला असता.

मग मला तो पावसाचा दिवस आठवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती टेबलावर उडालेला पाला बोटाने गोळा करायला लागली.

"मी गोळी सोडली त्याच दिवसापासून?"

"आता ते कशाला..."

"मधे माझी पाठ बरी झाली होती. म्हणजे तेव्हा तू घालत नव्हतीस. कधीपासून, म्हातारे?"

"नाचलो होतो आपण," नेलिदा म्हणाली. "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

शेगडीतलं लाकूड फुटलं. यानिना रडायची थांबली.

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. तिने पाहिलं होतं. मी खाली वाकून जमिनीला हात टेकले ते तिने पाहिलं होतं, माझ्या मानेभोवती हात टाकून हसली होती, माझ्याबरोबर करपलेल्या पुऱ्या खाल्ल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गोळी कुटली होती.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"मला एवढंच माहीत होतं की तू आता परत जाणार." तिने मान वर केली. आता ती नजर चुकवत नव्हती, आणि मला ते जास्त झोंबलं. "ही जन्मली तेव्हा तू साल्तोला मेंढ्या कातरत होतास. माझी आई गेली तेव्हा दुराझ्नोला. दर वर्षी वसंत आला की माझं घर रिकामं. मी कधी बोलले? पाठ दुखली तर घरी राहशील, गोळी पोटात गेली तर जगशील. एका गोळीत दोन्ही होत होतं."

"आणि माझे मोजे?"

"मोजे मी जन्मभर चढवले असते."

"आदेमारच्या अंगणात तू रडत होतीस."

"खरंच रडत होते."

"मी चारचौघांत सांगितलं, म्हातारपण आहे म्हणून. डॉक्टरणीची माफी मागितली. कातरी देऊन टाकली. आणि तू तिथे कोशिंबीर घेऊन उभी होतीस!" मी ओरडत होतो. शेजारच्या घरात रेडिओ बंद झाल्याचं मला ऐकू आलं. "मी माझ्या पाठीला विचारलं होतं, नेलिदा. एकच प्रश्न विचारला होता. तिच्या जागी तू उत्तर दिलंस!"

यानिना मधे पडायला बघत होती. बाईमाणूस आहे, पोटुशी आहे, मी तिला काही बोललो नाही. पण "आईची बाजूही समजून घे" असं ती त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हणाली, की माझी बाजू नक्की कुठल्या खोलीत ठेवली आहे हे मला विचारावंसं वाटायला लागलं.

दवाखान्यात गेलो. डॉक्टरणीने सगळं ऐकलं आणि हातातलं पेन टेबलावर आपटलं. तिलाही राग आला होता.

"आता सांगा," मी म्हणालो. "गोळीच ना?"

"वाटतं तसं. पण वाटतं म्हणून सही करता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरे होतात ते दिवस थोडे. पुढे काय आणि किती पोटात गेलं ते कुणालाच माहीत नाही. पाठ कधी आपोआपही सुटते, आपोआप धरते. पुन्हा करायला हवं, सिल्वेइरा. पहिल्यापासून. आता वेगळं औषधही आहे माझ्याकडे, ते बघू."

"टोळी पुढच्या आठवड्यात निघते."

"मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! माझ्या वयाचा माणूस एक हंगाम बसला की पुन्हा मशीनवर उभा राहत नाही. हात विसरत नाहीत, पण जागा विसरते. हे तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तिचा काही दोष नव्हता. मी टोपी घातली आणि आदेमारकडे गेलो.

आदेमार ट्रकच्या खाली आडवा होऊन काहीतरी आवळत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो बाहेर आला नाही. खालूनच म्हणाला, "ब्राझिलियनला मी शब्द दिलाय, दार्दो."

"माहीत आहे."

"त्याने आगाऊ रक्कम घरी पाठवलीसुद्धा. त्याला काय सांगू? ह्याच्या बायकोने मातेत गोळी घातली म्हणून तू घरी जा?"

"मी तुला कातरी मागत नाहीये."

तो बाहेर आला. हात पुसले. माझ्याकडे बघवेना त्याला. "धार लावणारा नाहीये अजून," तो म्हणाला. "दिवसभर दगडासमोर उभं राहायचं, पोरांच्या कातऱ्यांचे दाते घासून द्यायचे. वाकावं लागत नाही. पण तू..."

मी काय ते मला माहीत होतं. धार लावायला आम्ही पाय मोडलेल्याला घेतो, नाहीतर दारू सुटत नाही अशाला. मशीनची पहिली जागा ज्याची, त्याने कोपऱ्यात उभं राहून लिव्रामेंतोच्या पोराला त्याची कातरी धार लावून द्यायची. तीही कुठली, तर माझीच.

"येतो," मी म्हणालो.

घरी सांगितलं तेव्हा नेलिदाने भांडण केलं नाही. माझी पिशवी भरून दिली, तशीच नीट, लोकरीचे मोजे वर. नवं औषधही पिशवीत ठेवलं. ठेवताना मला दाखवलं, पाकीट बंद आहे हेही दाखवलं. तो आठवडाभर मी माते स्वतः करून स्वतः प्यायलो, परसात, पाठीमागच्या पायरीवर. ती खिडकीतून बघायची. पाठ हळूहळू सुटत चालली होती की मला तसं वाटत होतं, ते सांगता येत नव्हतं. आता माझ्याच पाठीवर माझा विश्वास नव्हता. मी वाकून बघायचो आणि मनात यायचं, आज काय खाल्लं? कुणाच्या हातचं खाल्लं? ज्या बाईच्या हातचं मी सगळ्या आयुष्यात न बघता खाल्लं, तिने वाढलेली ताटली मी आता उजेडात धरून बघत होतो. तिने ते पाहिलं होतं. मला लाज वाटत होती आणि तरी मी बघत होतो.

सोमवारी सकाळी ट्रक दारात आला. सगळी टोळी मागे बसलेली, ब्राझिलियन पोरगा सगळ्यांत पुढे, आदेमार चाकावर. आमच्याकडे रीत आहे, ज्याच्या घरून माणूस निघतो त्या घरच्या बाईने निघणाऱ्याला तुंबा भरून द्यायचा आणि मग तोच सगळ्या टोळीत फिरवायचा. नेलिदा थर्मास आणि तुंबा घेऊन फाटकाशी आली. केस विंचरले होते. तिने पाणी ओतलं आणि तुंबा माझ्यापुढे केला.

वर पोरांची मस्करी चालली होती. "घे रे धारवाल्या, लवकर घे, आमच्यापर्यंत येऊ दे!"

"आधी तू पी," मी म्हणालो.

मस्करी थांबली. त्यांच्यातल्या कुणालाही काय झालं होतं ते ठाऊक नव्हतं, फक्त आदेमारला होतं. पण मी काय बोललो ते सगळ्यांना कळलं. पहिला तुंबा करणारी आपणहून पिते, निरोपाचा तेवढा निघणाऱ्याला देते. तिला पी म्हणून सांगायचं म्हणजे तिच्या हातावर थुंकण्यासारखं आहे, आणि मी ते सगळ्या टोळीसमोर माझ्या लग्नाच्या बायकोला सांगितलं होतं.

नेलिदाने तुंबा आपल्याकडे ओढला. मग तिने नळी तोंडात धरली आणि प्यायली. पाणी कढत होतं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तोंड काढलं नाही. तळाशी नळी घुरघुरेपर्यंत ती प्यायली. मग तिने थर्मास तिरका केला, तुंबा पुन्हा काठोकाठ भरला आणि हात लांब केला.

"घे, म्हाताऱ्या," ती म्हणाली.

त्यात काही नव्हतं. मला माहीत होतं की काही नव्हतं. थंडी होती आणि मला तो प्यावासाही वाटत होता. ती हात लांब करून उभी राहिली, वर सगळे बघत राहिले, आणि माझा हात काही केल्या पुढे होईना.